गील गांव आणि परक्यासाठीं वाढलेलें ताट

ज्युबिलीच्या प्रसंगीं देऊळ कोणीं बांधलें, घंटा कोणीं दिली, हें सांगण्याची रीत आहे. आणि ती योग्यच आहे. परंतु देवळाभोंवतालच्या घरांनीं कोणास आसरा दिला, हा इतिहास सहसा लिहिला जात नाहीं. तो ज्या एका गांवानें आपल्या आचरणानें लिहून ठेविला, त्याची हकीकत आम्ही धर्मग्रामस्थांपुढें मांडीत आहों.

बेल्जियम देशाच्या उत्तरेस केंपेन नांवाचा रेताड प्रदेश आहे. त्यांत गील हें पूर्वापार शेतकऱ्यांचें गांव. परंपरा अशी कीं, सातव्या शतकांत डिंफ्ना नांवाची आयरिश राजकन्या वेड्या झालेल्या पित्याच्या हातून सुटून येथें आली, व अखेर त्याच्याच तरवारीनें रक्तसाक्षिणी झाली. ही कथा लेखनिविष्ट झाली ती तेराव्या शतकांत. म्हणून तिला आम्ही परंपराच म्हणतों. पुढें जें घडलें तो मात्र निःसंशय इतिहास होय.

संत डिंफ्ना मनोरुग्णांची आश्रयदाती मानली गेली. इ.स. १३४९ मध्यें तिच्या देवळाचें बांधकाम सुरू झालें. दूरदूरचे लोक आपल्या आजारी आप्तांस घेऊन येत, व देवळाला लागून असलेल्या खोलींत त्यांस नऊ दिवसांच्या नोव्हेनेसाठीं ठेवीत. यात्रेकरू वाढले, खोली अपुरी पडली. तेव्हां रुग्णांची सोय शेजारच्या शेतकऱ्यांच्या घरीं होऊं लागली. नोव्हेना संपे, परंतु पुष्कळांचा आजार संपत नसे. ते त्याच घरांत राहिले. इतक्या साध्या अडचणींतून शेंकडों वर्षांची रीत जन्मास आली.

तेथें अशा माणसास ‘रोगी’ न म्हणतां ‘घरीं जेवून राहणारा’ अशा अर्थाच्या शब्दानें ओळखतात. तो गुरें राखी, शेतांत हात लावी, पोरांस खेळवी व घरच्यांच्याच मेजावर जेवी. त्याच्या आजाराचें नांव घरच्यांस सांगण्याची पद्धत नव्हती; त्याचा स्वभाव कळला म्हणजे पुरे होई. एका घरीं असलेल्या गृहस्थास भिंतींतून सिंह बाहेर येतांना दिसत. घरच्या बाईनें त्याच्याशीं वाद घातला नाहीं. ती ते सिंह हांकून लावी, आणि त्यास झोंप येई. आईबाप थकले म्हणजे मुलगा किंवा मुलगी त्याचा भार उचली.

परंतु तेथें सर्वच निर्मळ होतें असें नव्हे. पालकांस मोबदला मिळे, व त्याबरोबर शेतीस हातही मिळत. कांहीं रुग्णांच्या पायांत बेड्याही असत. गेंट येथील वैद्य जोसेफ गिस्लां यांनीं या व्यवस्थेवर टीका केली. १८५० च्या कायद्यानें सरकारनें देखरेख आपल्या हातीं घेतली, आणि १८६२ सालीं तेथें रुग्णालय उघडलें. दयेसही देखरेख लागते, हा यांतील धडा.

१९३८ सालीं गीलच्या घरांत ३,७०० हून अधिक असे पाहुणे होते. पुढें नवीं औषधें आलीं, शेती कमी झाली, घरांतील स्त्रीपुरुष दोघेंही नोकरीस जाऊं लागलीं. आज ही संख्या दोनशेंच्याही आंत आहे. २०२३ सालीं युनेस्कोनें या परंपरेचा गौरव केला. पण गौरवानें रिकामी खोली भरत नाहीं.

आमच्या देशांतही अशी वाट आहे, मात्र ती मुलांसाठीं. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ४४ व्या कलमान्वये निराधार मुलास नात्याबाहेरच्या कुटुंबांत प्रतिपालनासाठीं ठेवतां येतें. कुटुंबाची कुवत व हेतु पाहिला जातो, भावंडें शक्य तों एकत्र ठेवतात, आणि बालकल्याण समितीची दरमहा तपासणी असते. हें दत्तकविधान नव्हे. मूल कदाचित् परतही जाईल. तें जाणार हें ठाऊक असूनही जीव लावणें, हेंच या कामांतील खरें दान होय.

गीलच्या शेतकऱ्यांनीं संस्था काढली नाहीं. त्यांनीं पानांत आणखी एक ताट घेतलें. ज्युबिलीच्या दिवे-तोरणांत आपल्या धर्मग्रामांतील एखाद्या घरानें तेवढा विचार मनांत आणिला, तर हें लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.