‘मार्ग’ नियतकालिक आणि वास्तुविशारदाची सार्वजनिक ओळख

सेवेची जाहिरात वास्तुविशारदाच्या व्यावसायिक आचारसंहितेत बसत नसे. म्हणून विचार प्रसिद्ध करणे हे समाजासमोर येण्याचे प्रतिष्ठित साधन ठरले. १९४६ मध्ये मुंबईत मुल्कराज आनंद यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेल्या ‘मार्ग’ने ते उपलब्ध करून दिले. १९६५ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची योजना त्यात मांडली. १९७० मध्ये नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले. लेखनातून मिळालेली ओळख अशा प्रकारे शासकीय जबाबदारीपर्यंत पोहोचली.

तथापि ‘मार्ग’ची भाषा इंग्रजी होती, ज्यांच्या जमिनी संपादित झाल्या, त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांची भाषा मराठी होती. १९८४ च्या जासई आंदोलनाचा विचार करता या प्रसिद्धीची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते.