टाळ्यांची मैफल

१९९९ साली मामू कुवेतहून सुटीवर आले तेव्हा त्यांच्या बॅगेत अत्तराच्या बाटल्या, खजूर आणि दोन कॅसेटी होत्या. क्वीन या इंग्लिश बँडचा १९७९ सालचा 'लाइव्ह किलर्स' हा संच. आम्ही तिघं भावंडं उर्दू शाळेत शिकणारी. गाण्यातले चार शब्द कळले तरी खूप. पण एका जागी भाषेची गरजच पडत नव्हती. 'लव्ह ऑफ माय लाइफ' गाता गाता फ्रेडी मर्क्युरी थांबतो आणि पुढच्या ओळी समोरचे हजारो लोक गातात. ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या अब्बांना हा सगळा गोऱ्यांचा गोंगाट वाटे. त्या जागी मात्र त्यांनी मान वर केली. "हे तर उरुसातल्या कव्वालीसारखं झालं," म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

अब्बांचा तो शेरा सहज होता, पण आमच्या डोक्यात राहिला. पुढे वाचनात आलं की खुद्द या बँडलाही श्रोत्यांची ताकद एका रात्री उमगली होती. १९७० साली लंडनमध्ये सुरू झालेला हा चौघांचा बँड २९ मे १९७७ रोजी स्टॅफर्डच्या बिंग्ली हॉलमध्ये गात होता. कार्यक्रम संपला, तरी लोक हलेनात. फुटबॉलच्या मैदानावर गातात ते गाणं त्यांनी एका सुरात बँडलाच ऐकवलं. गिटारवादक ब्रायन मे विचारात पडला: इतक्या दाटीत उभा असलेला माणूस करू काय शकतो? पाय आपटू शकतो, टाळी वाजवू शकतो, गाऊ शकतो. त्यातून 'वुई विल रॉक यू' जन्मलं. दोन वेळा पाय, एक टाळी. ढोल नाही, ताशा नाही. गिटारसुद्धा अगदी शेवटी. लाकडी फळ्यांवर पाय आपटून त्यांनी तो ठेका पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित केला. ब्रायन मे मूळचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी (अर्धवट राहिलेली पीएच.डी. त्याने २००७ साली पुरी केली). आवाजांमधली अंतरं त्याने मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली, म्हणजे प्रतिध्वनी न वाटता गर्दी वाटावी. सातवीच्या वर्गात मूळ संख्या शिकवताना आम्ही हा किस्सा हमखास सांगतो. त्या दिवशी बाकांची काही खैर नसते.

कव्वालीतही ठेका धरतात ते मागे बसलेल्या हमनवांचे हात. ऐकणाऱ्याची दाद पाहून कव्वाल तीच ओळ दहादा घोळवतो. दोन्ही गोष्टी एकच, असं आम्ही म्हणत नाही. कव्वालीची ओढ ज्या दिशेला आहे ती स्टेडियममधल्या गाण्याला नाही. पण ऐकणाऱ्यावाचून गाणं पुरं होत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

हा माणूस तरी आपल्याला किती परका होता? फ्रेडी म्हणजे फारुख बलसारा, १९४६ साली झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. आईवडिलांनी आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडलं. तिथेच त्याने पोरांचा पहिला बँड काढला. १९६४ च्या झांझिबारमधल्या क्रांतीत घर सोडून कुटुंब इंग्लंडला गेलं. मुसलमानांच्या बेटावर वाढलेल्या या माणसाच्या १९७५ सालच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त मधेच 'बिस्मिल्लाह' ऐकू येतं. आमच्या अम्मीने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कॅसेट मागे फिरवायला लावली. २००४ साली इराणने याच बँडची कॅसेट प्रेमगीतं वगळून अधिकृतपणे विकायला परवानगी दिली, सोबत अर्थ सांगणारी पत्रिकाही होती. उलट २००६ मध्ये खुद्द झांझिबारमध्ये त्याच्या साठाव्या जयंतीच्या मेजवानीला एका मुस्लिम संघटनेने विरोध केला आणि ती रद्द झाली. कुणाला आपलं म्हणायचं, हे आपल्यात कधी एकमताने ठरलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला आजही खुपते. ऑक्टोबर १९८४ मध्ये हा बँड दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला जाऊन गायला. वर्णभेदी राजवटीवर कलावंतांनी बहिष्कार घातला असताना! ब्रिटनमधल्या वादकांच्या युनियनने त्यांना दंड केला. आम्हाला राजकारणाशी देणंघेणं नाही, हा त्यांचा खुलासा आम्हाला पटला नाही. आवडत्या माणसाची चूक लपवावीशी वाटते. इतिहास लिहिताना ती लपवता येत नाही.

नऊ महिन्यांनी, १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी वेम्बलीत 'लाइव्ह एड' झालं. क्वीनच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटं. बी.एड. करताना मित्राच्या कॉम्प्युटरवर आम्ही ते पाहिलं. 'रेडिओ गा गा'ला बहात्तर हजार लोकांचे हात एकदम डोक्यावर जातात, दोन टाळ्या, पुन्हा खाली. शेवटच्या रांगेपर्यंत एकही हात चुकत नाही. फ्रेडी नुसता एक आलाप फेकतो, लोक तो तसाच परत करतात.

बरोबर एका आठवड्याने, २० जुलैच्या मध्यरात्री, त्याच इंग्लंडमधल्या मर्सी बेटावर वोमॅड महोत्सवात नुसरत फतेह अली खाँ आपल्या हमनवांना घेऊन बसले. ते ध्वनिमुद्रण २०१९ साली बाजारात आलं. आम्ही ते मोबाइलवर अब्बांना ऐकवलं. डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरत त्यांनी सगळं ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "आता ती पाय आपटायची लाव."