हक्कसोड

आई-वडिलांचा पैसा वारशाने मिळाला की माणसाला आनंद व्हायला हवा, नाही का? निदान आमच्या नंदुरबार जिल्ह्यात बायकांच्या चेहऱ्यावर तरी तो मला कधी दिसलेला नाही. दिसतो तो संकोच. 'वाटा मागितला' हे वाक्य आमच्याकडे एखाद्या बाईबद्दल दबक्या आवाजात बोललं जातं. असं का, याचा विचार करता करता थोडा इतिहास चाळला. तोच आज लिहितोय.

आमच्याकडे बापाची इस्टेट म्हणजे जमीन. 1998 साली नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला, त्याच वर्षी माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, गेले. तलाठ्याकडे वारसनोंद झाली, सगळ्या भावंडांची नावं लागली. नंतर मामाने आईला आणि दोन्ही मावश्यांना दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नेलं. तिघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, मामाने तिघींना साड्या घेतल्या. कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही. पुढे मी आईला विचारलं, तर म्हणाली, "अरे, आखाजीला जायला घर नको का?"

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीइतकाच मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात. पितरांची घागर भावाच्या घरात, आणि बहिणीचा झोकाही त्याच्याच दारात!

आता कायद्याकडे बघू. 1937 च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा दिला, पण तो हयातीपुरताच. भाऊ असताना मुलीला बापाच्या जमिनीत सहसा काहीच नव्हतं. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. 1956 च्या कायद्याने मुलगी बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलाबरोबरीची वारस झाली, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनचा हक्क मुलांनाच राहिला. महाराष्ट्राने 1994 मध्ये तो मुलींना दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे माझी आई आणि मावश्या त्यातही बाहेरच! अखेर देशभर हा हक्क लागू झाला तो 9 सप्टेंबर 2005 पासून. नंदुरबारकरांना ही तारीख वेगळ्याच कारणाने पाठ आहे. 1942 मध्ये याच दिवशी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीबारात हुतात्मा झाले. वडील 2005 पूर्वी वारले असले तरी मुलीचा हा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं.

म्हणजे पिढ्यान् पिढ्या बाईजवळ कायद्याचं काही नव्हतं. नवऱ्याने टाकलं, वैधव्य आलं, तर आधार एकच, भावाची मर्जी. हक्कसोडीला आपण बहिणीचा मोठेपणा म्हणतो. मला तो विम्याचा हप्ता वाटतो. जमीन सोडायची आणि माहेर राखायचं. कायदा बदलला, पण हप्ता भरायची सवय काही गेली नाही.

आणि हे झालं सपाटीवरचं. 2011 च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यातले सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. 1956 चा वारसा कायदा त्यांना लागूच नाही, तसं कलम 2 मध्येच लिहिलंय. तिथे चालते ती समाजाची रूढी. सातपुड्यात पावरा-भिल्लांमध्ये लग्नात मुलाकडचे देज देतात, पण जमीन जाते मुलांकडेच. सरदार सरोवरात अक्राणी-अक्कलकुव्यातली गावं बुडणार होती, तेव्हा 1979 च्या नर्मदा लवादाच्या निवाड्याने प्रत्येक सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानलं. मुलीला नाही. जुलै 2025 मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध होत नसेल तर तिला वाटा नाकारणं समानतेच्या विरुद्ध आहे. चांगलंच झालं. पण त्यासाठी आधी कुणा बाईला कोर्टात जावं लागतं, आणि तेही बहुधा भावाच्याच विरुद्ध.

असो. हे सगळं लिहायचं कारण घरातलंच आहे. बाबा गेल्या वर्षी गेले. वारसनोंदीत आई, ताई आणि मी, तिघांची नावं लागली. कुणी न विचारताच ताई म्हणाली, "कधी यायचं सही करायला ते सांग." मी म्हटलं, सही नको. तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ती घाबरली. "लोक म्हणतील मी मागितलं. आणि उद्या तुझ्या बायकोला काय वाटेल?" बायकोला काहीच वाटत नाही, तिच्या माहेरी तिचीही सही व्हायची आहे!

ही पानं आपले नातेवाईकही वाचतात, म्हणून इथेच सांगून टाकतो. ताईने काही मागितलेलं नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव राहणार आहे. पिकाचे पैसे येतील त्यात तिचा तिसरा हिस्सा असेल, तो ती घेईल किंवा नाही घेणार, तिची मर्जी. आखाजीचं आमंत्रण नेहमीसारखंच जाईल, त्याचा सातबाऱ्याशी काही संबंध नाही. मामांनी हे वाचलं तर रागावू नये. त्यांनी तेव्हा जी रीत होती ती पाळली. आता ती रीत बदलायला हवी, एवढंच.