पुढे वळलेले टोक

नागपूरची थंडी ती किती? २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले, आणि तेवढ्यानेच शहर कुडकुडले. गोठलेल्या धबधब्यावर माणसे चढतात, असे कळमन्यातल्या एखाद्या वर्गात सांगितले तर मुलांना ती थापच वाटेल. पण त्या चढाईचे मर्म इथेही पाहता येते. उन्हाळ्यात रसवंतीवाला बर्फाची लादी फोडतो तो टोच्याने. हाताचा सारा जोर इवल्याशा टोकावर एकवटतो.

आल्प्समधले वाटाडे पूर्वी बर्फात कुऱ्हाडीने पायऱ्या खोदत वर जात. १९०८ च्या सुमारास ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रज अभियंत्याने बुटाखाली बांधायच्या दहा टोकांच्या साधनाचा, म्हणजे क्रॅम्पॉनचा, सुधारित आराखडा केला. इटलीतील कुर्मायर गावच्या हेन्री ग्रिवेल या लोहाराने ते घडवले. १९२९ च्या सुमारास त्याचा मुलगा लोरां याने आणखी दोन टोके जोडली; ती मात्र खाली नव्हे, पुढे. बदल एवढाच!

त्याची कसोटी लागली जुलै १९३८ मध्ये, स्वित्झर्लंडमधील आयगर शिखराच्या उत्तर कड्यावर. सुमारे १८०० मीटरच्या या कड्याने आधीच अनेक बळी घेतले होते. कास्पारेककडे जुने दहा टोकांचे क्रॅम्पॉन होते. त्याचा जोडीदार हारर याने तर ओझे वाचवण्यासाठी क्रॅम्पॉन घेतलेच नव्हते. खिळ्यांचे बूट होते. दोघे तासन् तास पायऱ्या खोदत राहिले. त्यांच्यानंतर एक दिवसाने निघालेले हेकमाइर आणि फ्योर्ग बारा टोकांवर जवळजवळ धावत आले आणि त्यांनी या दोघांना गाठले. पुढे चौघे मिळून चढले आणि २४ जुलैला माथ्यावर पोहोचले. हारर परतला, त्यात जोडीदारांच्या पायांतल्या लोखंडाचाही वाटा आहे, असे आम्हाला वाटते.

गणित फळ्यावर मांडता येते. माणसाचा भार ६०० न्यूटन धरू. १५० चौरस सेंटिमीटरच्या तळव्यावर दाब येतो ४ न्यूटन प्रति चौ. सें.मी. तोच भार ०.२ चौ. सें.मी. टोकांवर दिला की दाब होतो ३०००. दाबाने बर्फ वितळतो म्हणून टोक रुतते, असे काही जण सांगतात. ते खरे नव्हे. एवढ्या दाबाने वितळणांक जेमतेम दोन अंश उतरतो. टोक बर्फ चिरडूनच आत शिरते.

धबधबा मात्र उभाच. पाय टेकले तरी अंग मागे जाते. हातांनाही पकड हवी. कुऱ्हाडीचे सरळ पाते ओढताच निसटे. १९६६ मध्ये इव्हॉन शुइनार्ड या अमेरिकी गिर्यारोहकाने, जो स्वतः लोहारकाम करी, पात्याला हाताच्या फिरतीशी जुळणारा बाक देववला. जानेवारी १९७४ मध्ये जेफ लोव आणि माइक वाइस कोलोरॅडोमधील ब्राइडलव्हेल हा शंभर मीटरहून उंच गोठलेला धबधबा चढून गेले.

एक प्रयोग करून पाहावा. कारखान्यातून नुकतीच आलेली लादी आणि तासभर गोणपाटात राहून घाम फुटलेली लादी, दोन्हींवर टोचा मारावा. पहिलीचे तुकडे उडतात. दुसरीत टोक रुतते. कडाक्याच्या थंडीत धबधब्याचा बर्फही असाच ठिसूळ होतो, आणि घाव बसताच ताटाएवढे टवके सुटून खालच्या साथीदाराच्या अंगावर येतात.