खडकीचा ‘शेवटचा शिपाई’ : एका दाव्याची छाननी

भिवंडी येथील निजामपुऱ्यांतील एका घराण्यांत चांदीचें एक पदक जपून ठेविलें आहे. घराण्याचे एक पूर्वज खडकीच्या लढाईंत कंपनीच्या पलटणींत होते. त्या लढाईचे ते शेवटचे हयात शिपाई असून प्लेगच्या पहिल्या सालीं, म्हणजे १८९६-९७ त, वारले, असें घरांतील वडील मंडळी सांगत आली आहेत. पदक व त्यासोबतचे कागद त्यांनीं आम्हांस मोकळ्या मनानें पाहूं दिले, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहों.

पदक अस्सल आहे. १८०३ ते १८२६ पर्यंतच्या हिंदुस्थानांतील लढायांबद्दल हें पदक मंजूर झालें तें २१ मार्च १८५१ रोजीं. दुसरा बाजीराव ब्रह्मावर्तास वारल्याला तेव्हां दोन महिनेही झाले नव्हते! खडकीच्या लढाईस तेहतीस वर्षें होऊन गेलेलीं. मागणी करण्यास जो हयात होता त्याच्यासाठींच हें पदक होतें. पट्टीवर रोमन अक्षरांत ‘किर्की’ व कांठावर शिपायाचें नांव आणि पलटण आहे. मागील बाजूस १७९९-१८२६ हे आंकडे आहेत, ते शिपायाच्या नोकरीचे असें घरांत समजतात. परंतु तेच आंकडे या जातीच्या प्रत्येक पदकावर असतात. जाणत्या संग्राहकांचीही येथें फसगत झालेली आम्हीं पाहिली आहे.

तेव्हां पदकावरून इतकेंच ठरतें कीं, हा शिपाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस होता व १८५१ च्या सुमारास जिवंत होता. पुढील पंचेचाळीस वर्षांस आधार काय? सोळाव्या वर्षीं लढला म्हणावें तरी मरणसमयीं वय पंचाण्णव भरतें. हें अशक्य नव्हे. पण अमेरिकेंतील यादवी युद्धाचा अखेरचा शिपाई म्हणून ११७ वर्षांचा मानलेला वॉल्टर विल्यम्स १८६० च्या खानेसुमारींत पांच वर्षांचें पोर निघाला, हें स्मरणांत ठेवावें.

निकाल लागला तो त्याच रुमालांतील एका जन्मपत्रिकेनें. ती शके १७८६ ची असून तींतील मुलाचें नांव पदकावरील नांवच आहे. वंशावळीप्रमाणें हा शिपायाचा नातू. आपल्याकडे आजा हयात असतां नातवास त्याचें नांव ठेवीत नाहींत. अपवाद सांपडतील, परंतु उलट पुरावा येईतों शिपाई १८६४ पूर्वींच निवर्तला असें धरणें प्राप्त आहे. प्लेगांत गेला तो बत्तीस वर्षांचा नातू असावा. घरच्या स्मरणांत आजा-नातू एक झाले. वडील मंडळींस हें रुचलें नाहीं, आणि आम्हांसही सांगतांना जड गेलें.

राहिला ‘शेवटचा’ हा शब्द. पदकांच्या यादींत एकाच बाजूचीं माणसें आहेत. त्या रणांत मोरो दीक्षित पडले हें सर्वश्रुत आहे. पण बापू गोखल्यांच्या फौजेंतून जे परत घरीं गेले त्यांस कोणी पदक दिलें नाहीं, कीं मोजलें नाहीं. अशा एखाद्या पेशवाई स्वाराच्या मृत्यूची मिति देणारा कागद कोणा वाचकाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी, अशी विनंति आहे.