कौलांच्या अळंबीची गोष्ट

जपानीत ‘कावारा’ म्हणजे छपराचं कौल आणि ‘ताके’ म्हणजे अळंबी. कावाराताके कुजक्या ओंडक्यावर कौलं शाकारल्यासारखी एकावर एक उगवते. चावायला चामडं, म्हणून लोक तिचा काढा करून पीत. इंग्रजीत हीच ‘टर्की टेल’.

गेल्या वर्षी मावशीची केमो चालू असताना एका नातेवाइकांनी या अळंबीच्या कॅप्सूल आणून दिल्या. लेबलवर ठळक शब्द एकच : अँटीऑक्सिडंट. “तू इंजिनीअर ना, बघ जरा,” मावशी म्हणाली. मी कोड लिहितो, औषधातलं मला काय कळणार! पण वाचत गेलो, आणि या औषधाचा खरा इतिहास त्या शब्दाभोवती फिरतच नाही असं दिसलं.

1969 साली टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातल्या गोरो चिहारांनी शिताके मशरूममधून ‘लेंटिनान’ नावाची साखरेची लांब साखळी वेगळी केली. उंदरांना टोचल्यावर त्यांच्या गाठी विरघळू लागल्या. गंमत म्हणजे लेंटिनान स्वतः कर्करोगाच्या पेशी मारत नव्हतं. मग काम कोण करत होतं? 1971 मध्ये उत्तर मिळालं. छातीतली थायमस ग्रंथी काढलेल्या उंदरांवर लेंटिनानचा प्रभाव फारसा पडेना. या ग्रंथीत टी-पेशी तयार होतात. म्हणजे लढत होती उंदराची स्वतःची प्रतिकारशक्ती. अळंबी फक्त भोंगा वाजवत होती. बुरशीच्या भिंतीतलं हे बीटा-ग्लुकान आपल्या पांढऱ्या पेशींना ‘बुरशी घुसली’ असं वाटायला लावतं.

कावाराताकेपासून बनलेलं ‘क्रेस्टिन’ 1977 मध्ये जपानमध्ये मंजूर झालं, लेंटिनान 1985 मध्ये. क्रेस्टिन तोंडाने घ्यायचं, लेंटिनान टोचायचं. क्रेस्टिन धो धो खपलं. इतकं, की 1989 मध्ये सरकारने फेरतपासणी करून ते केमोसोबतच वापरायचं, असं बंधन घातलं.

1994 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जठराच्या कर्करोगाच्या 262 रुग्णांची चाचणी छापून आली. नुसत्या केमोवर पाच वर्षांनी 60 टक्के जिवंत होते, सोबत क्रेस्टिन घेतलेल्यांत 73 टक्के. कमी नाही हा फरक!

मग अँटीऑक्सिडंट कुठून आलं? अळंबीचा अर्क डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात टाकला की रंग फिका पडतो. प्रयोग एवढाच, त्यात एकही पेशी नसते. आमच्याकडे याला ‘माझ्या लॅपटॉपवर चालतंय’ म्हणतात. प्रॉडक्शनमध्ये काय होतं, ते त्याच 1994 मध्ये फिनलंडने पाहिलं : 29,133 पुरुष धूम्रपानी, त्यांतल्या काहींना बीटा-कॅरोटीन हे नावाजलेलं अँटीऑक्सिडंट दिलं. फुप्फुसाचा कर्करोग घटायच्या ऐवजी त्यांच्यात 18 टक्के जास्त निघाला. शिवाय रेडिएशन आणि काही केमो औषधं पेशींना ऑक्सिडेशननेच मारतात. तिथे अँटीऑक्सिडंट म्हणजे आपल्याच सैन्याच्या पायात पाय. मावशीच्या डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि उपचार संपेपर्यंत बंद ठेवायला सांगितली.

पुढे केमोची औषधं सुधारली आणि 2010 च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये क्रेस्टिन आणि लेंटिनान दोन्हींची विक्री थांबली. बाजारात उरली पावडर. क्रेस्टिन कारखान्यात ठरावीक वाणाच्या तंतुजालापासून, ठरल्या मापाने बनत असे. पावडरीच्या डब्यात बीटा-ग्लुकान किती आणि नुसता स्टार्च किती, हे बहुतेकदा लिहिलेलंही नसतं. जाहिरातीत मात्र ती जपानी चाचणी हमखास येते. त्या 262 जणांपैकी प्रत्येकाची आधी शस्त्रक्रिया झाली होती, आणि केमोही प्रत्येकाला मिळाली होती, एवढं तिथे येत नाही.