अंबाडी : चुलीची आणि मोटेची

मागे एकदा वर्गात शेतीचा इतिहास शिकवीत असता ‘वाख’ हा शब्द माझ्या तोंडी आला. एका मुलाने उभे राहून विचारले, “सर, वाख म्हणजे काय?” मुलगा कळव्याचा. आई त्याच दिवशी सकाळी अंबाडीची भाजी निवडत होती, असेही तो म्हणाला. म्हणजे झाड घरात होते, पण त्याच्या सालीचे नाव हरवले होते. तेव्हापासून ही हकीगत कोणाला तरी सांगावी असे मनात होते.

पावसाळ्यात कळव्याच्या बाजारात गेलात तर अंबाडीच्या जुड्या तुम्हांला दिसतील. पाने बोटांसारखी फाटलेली, चव आंबट. घाटावरची गृहिणी ती उकडते, पहिले पाणी काढून टाकते, मग डाळ नाही तर कण्या घालून घोटते आणि वरून लसणीची फोडणी देते. भाद्रपदात गौरीच्या नैवेद्याला ही भाजी पुष्कळ घरांत लागतेच. इतकी आपली वाटणारी ही वनस्पती मुळात मात्र आफ्रिकेची. तिच्या दोन जाती आपल्याकडे आहेत. एक काटेरी देठाची, मुख्यतः वाखाची. दुसरी लाल बोंडांची. या बोंडांचे सरबत ईजिप्त-सुदानात घरोघर होते आणि वेस्ट इंडीजमध्ये नाताळला पितात. पाला दोन्हींचा खातात.

आता वाखाकडे वळू. जुन्या शेतात अंबाडीच्या चार ओळी धान्याच्या पिकात किंवा बांधाकडेला असत. दाट पेरली की झाड फांद्या न फुटता सरळ वर जाते आणि धागा लांब निघतो. शेंडा खुडला की फांद्या फुटतात; भाजीला पाला भरपूर मिळतो, पण वाख आखूड होतो. म्हणजे घरधनिणीला जे हवे ते धन्याला नको! यावरून किती घरांत कुरबुर झाली असेल, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडायची नाही. फुलावर आलेली झाडे कापायची, पेंढ्या बांधून पाने गळू द्यायची, मग दोन-तीन आठवडे पाण्यात कुजत ठेवायच्या. साल सुटू लागली की सोलायची, आपटून धुवायची, वाळवायची. तो वाख. त्याचे कासरे, दावी, शिंकी आणि मोटेचे दोर होत. दोर वळण्याचे काम गावगाड्यात मातंग समाजाकडे असे. पोळ्याला बैल नव्या दोरांनी सजत; दोर वळणाऱ्याच्या वाट्याला मात्र बलुत्याचे धान्य आणि गावकुसाबाहेरचे घर. मोटेचे पाणी ज्या दोराने वर येई तो त्याने वळलेला, पण गावच्या विहिरीवर त्याला पाणी भरता येत नसे. अंबाडीचा इतिहास सांगताना हे गाळून चालणार नाही.

साहेबाचेही लक्ष या झाडाकडे गेले होते. १८५३ साली क्रिमियाचे युद्ध पेटले. इंग्रजांच्या जहाजांचे दोरखंड तोवर बव्हंशी रशियन हेंपचे असत, आणि आता रशियाच शत्रू. तेव्हा हिंदुस्थानातल्या धाग्यांची चौकशी सुरू झाली. डॉ. जॉन फोर्ब्स रॉयल यांनी १८५५ साली भारतातील धाग्याच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ छापला, त्यात आपली अंबाडी आहे. गंमत पाहा, याच सुमारास, १ मे १८५४ रोजी, आगगाडी ठाण्याची खाडी ओलांडून कळव्याच्या बाजूने कल्याणपर्यंत धावू लागली. अंबाडीला ‘बॉम्बे हेंप’ असे आपल्या इलाख्याचे नावही मिळाले. पण बाजी मारली बंगालच्या तागाने. डंडीच्या गिरण्या तागावर चालू लागल्या, १८५५ मध्येच कलकत्त्याजवळ रिश्रा येथे आपल्या देशातली पहिली तागगिरणी निघाली, आणि अंबाडी बांधाच्या कडेलाच राहिली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत तिच्याविषयी थोडक्यात लिहिले आहे : धाग्याचे शेतीचे दोर, कोवळ्या पाल्याची भाजी, बी दुभत्या जनावरांना, आणि दुष्काळात तेच बी माणसेही खात. शेवटचे ते वाक्य मी शिकवताना घाईने वाचीत नाही.

पुढे एकदा तिला पुन्हा बोलावणे आले. १९४७ च्या फाळणीत ताग पिकवणारी बहुतेक जमीन पूर्व बंगालात गेली आणि गिरण्या हुगळीकाठी आपल्याकडे राहिल्या. १९४९ च्या सप्टेंबरात आपण रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि तागाचा व्यापारच अडला. तेव्हा गोण्यांच्या धाग्यासाठी ‘मेस्ता’ या नावाने अंबाडीची लागवड वाढवण्यात आली. मात्र घरच्या दोरांचे दिवस भरत आले होते. विहिरीवर एंजिन आणि विजेचा पंप बसला, मोट गेली. नायलॉनचा दोर आला, वाख गेला. पाला तेवढा राहिला. कळव्यापासून बेलापूरपर्यंत कारखाने उभे राहिले, घाटावरची माणसे त्यांत कामाला आली, आणि गावाकडची चव त्यांनी सोडली नाही. आमच्या शेजारच्या चाळीत एक आजी तेलाच्या डब्यांत अंबाडी लावतात. त्या शेंडे खुडतात, अर्थात!

शिक्षक मित्रहो, तुमच्या शाळेच्या कुंपणाशी चार हात जागा असेल तर पावसाच्या आरंभी मूठभर बी टाका. अर्धी झाडे मुलांना भाजीसाठी खुडू द्या, अर्ध्यांचे शेंडे राखा. फुले आली की ती कापून, जमतील एवढ्या लांबीचे तुकडे करून बादलीत बुडवून ठेवा आणि तीन आठवड्यांनी मुलांकडूनच साल सोलवून घ्या. बादली तेवढी वर्गापासून लांब ठेवा. वास फार येतो.